डाव्या हाताचा टाका

झाकण उघडायची घाई नको.
आधी डबा पालथा करा.
खोटं बोलणारा चेहरा रंगवतो,
तळपायांना विसरतो.

बावीस वर्षं हेच सांगत आलेय,
नॉर्वेतल्या या वाल्द्रेस खोऱ्यात,
दर फेब्रुवारीत, पंचायतीच्या हॉलमध्ये,
जिथे लोक आपली जुनी लाकडं घेऊन येतात
आणि त्यांच्या बुटांवरचं बर्फ
माझ्या टेबलाखाली वितळत राहतं.

ओद्रुनबाईंनी टॉवेल सोडला.
आत टीने: पातळ लाकूड वाकवून केलेला गोल डबा,
दोन बाजूंना दोन उभे कान,
कानांच्या चिमटीत झाकण,
झाकणावर लाल फुलं, मधोमध १७८३.
"पाच पिढ्यांमागच्या नवरीबरोबर आलाय,"
त्या म्हणाल्या. "आई सांगायची."

मी पालथा केला.

त्या काळी लाकूड कापत नसत, फाडत;
शीर जाईल तशी पाचर जाई.
मग उकळतं पाणी, मग गुडघ्यावर हळूहळू बाक.
पट्टी कुरकुरली की थांबायचं.
(थांबता येणं हीच अर्धी विद्या.
माझ्या आजोबांना ती नव्हती,
त्यांच्या चुलीला सुकं सरपण कधी कमी पडलं नाही.)
टोकावर टोक चढवून आठवडाभर चापात,
मग टोच्यानं भोकं
आणि बर्चच्या मुळीची शिवण.
मुळी ओली असतानाच ओवायची,
वाळताना ती आपली आपण आवळते.
तळाला लाकडाच्याच खुंट्या. लोखंड औषधालासुद्धा नाही.

आणि दोनशे वर्षांत गोल काही गोल राहत नाही.
शिरांना आडवं लाकूड आक्रसतं,
झाकण जरासं लांबट होतं,
म्हाताऱ्या माणसाच्या तोंडासारखं.

मी कॅलिपर लावला. उभा, आडवा.
केसाचाही फरक नाही.
तळाशी कमानीसारखे ओरखडे, एकामागे एक:
गोल पात्याची करवत,
जी १७८३ मध्ये या खोऱ्यात
कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती.
सामन मासे धरायला येणाऱ्या इंग्रज साहेबांसाठी
असे 'पुरातन' डबे हिवाळाभर रंगवले जायचे.
हा बहुधा न खपलेला.

कसं सांगावं ते ठरवत होते,
म्हणून, खरं तर वेळ काढायला,
एक कान बाहेर दाबला. टक्.
आंबूस वास. साय, किंवा सायीची आठवण.
आणि आतल्या बाजूला शिवण कधीतरी उसवलेली,
पुन्हा घातलेली. मुळीनंच, नीट भिजवून,
घट्ट, एकसारखी,
फक्त प्रत्येक टाका उलटीकडे कललेला.

"तुमच्याकडे डावखुरं कोण होतं?"

त्या बराच वेळ डब्यात बघत राहिल्या.
"आई," म्हणाल्या. "पण शाळेत तिचा डावा हात
बाकाला बांधून ठेवायचे.
मग ती सगळं उजव्यानंच करायची.
तिची पत्रं आहेत माझ्याकडे,
तीन-तीन ओळींची. अक्षर असं, की
पोस्टमनला कीव यावी.
डाव्यानं काही करताना
मी तिला कधी पाहिलंच नाही."

टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं,
चौदा होते. मी मोजले,
कारण मोजणं माझं कामच आहे.

फॉर्मवर लिहिलं:
साधारण १८९०. तारीख बनावट.
दुरुस्ती: एक.
किंमत आठशे क्रोनर. याहून जास्त लिहिता येईना,
त्या रकान्यात फक्त आकडे बसतात.

"हा आकडा खरवडून काढता येईल?"
त्यांनी विचारलं, १७८३ वर नख ठेवून.
"लाज वाटते आता."

म्हटलं, राहू द्या.
रंगवणाऱ्यालाही पोट होतं
आणि हिवाळा इथला आहे.

त्यांनी टॉवेल गुंडाळला. मागचा माणूस
एक बंद घड्याळ घेऊन पुढे सरकला,
म्हणाला, शंभर टक्के अस्सल आहे.
मी म्हटलं, पालथं करा.