पंखाजवळची जागा

रान्वा तिसऱ्यांदा आली माझ्या काउंटरवर.
"बोटीनंच जमव ना काहीतरी."
तोर्सहाव्न ते डेन्मार्क, पुढे मालवाहू जहाज,
मॉन्ट्रियलला पोचायला सतरा दिवस.
लेकीच्या बाळंतपणाला उरलेत तेरा.

समुद्रानं तिचा बाप नेला, भाऊ नेला.
तरी म्हणते, पाणी ओळखीचं आहे.

मी अपघातांचे आकडे सांगू लागलो,
किती लाखांत एक वगैरे.
तिनं हात वर केला.
"पंख हलतात का रे, उडताना?"
हलतात, म्हणालो. थोडे.
"वाकतात?"
वाकतात.

बराच वेळ गप्प.
मग स्वतःशीच: वल्हंही वाकतं.
न वाकणारं मोडतं.

पंखाजवळची जागा मागितली.
नोटा मोजताना दोनदा चुकली.
दारातून वळून विचारलं,
"विणायच्या सुया
नेता येतात ना वर?"