खोकडीच्या दोन सावल्या

आटपाट नगर नव्हतंच.
अल्ताय पर्वतात, हमरस्त्याच्या कडेला
अकरा घरं, एक पेट्रोलपंप
आणि हिवाळा. तो मात्र राजासारखा,
ऑक्टोबरात गादीवर बसला की एप्रिलपर्यंत उठायचा नाही.

तिथे गोष्टी उन्हाळ्यात सांगत नाहीत.
उन्हाळ्यात कुरणं, मेंढ्या, हातांना कामं.
बर्फ पडला की मेर्गेन ट्रकचं इंजिन गोधडीत गुंडाळून
घरात येतो, बूट शेगडीपाशी पालथे घालतो
आणि घसा खाकरतो.
एर्केलेय नऊ वर्षांची, सुमेर पाच.
दोघांना ठाऊक, खाकरणं म्हणजे दार उघडणं.

पण गोष्ट त्यांच्यासाठी नसते, असं बाप म्हणतो.
त्याचा आजा शिकाऱ्यांबरोबर रानात जायचा,
बंदूक न घेता. काम एकच:
रात्री शेकोटीशी बसून गोष्ट सांगायची
डोंगराच्या धन्याला.
धनी खूश झाला, तर सकाळी वाटेवर हरणं सोडायचा.
'तुम्ही आपले फुकटे,' मेर्गेन म्हणतो, 'मागच्या बाकावरचे.'
आणि नियम असा, की गोष्ट अर्धी टाकायची नाही.
धन्याला मग झोप येत नाही,
आणि सांगणाऱ्यालाही तो सोडत नाही.

त्या रात्री खोकडीची गोष्ट होती.
काकडलेल्या तांबड्या खोकडीनं
हिवाळ्याला आपली सावली विकली,
बदल्यात घेतली जाड झुबकेदार शेपूट.
आधी बरं वाटलं. मग बर्फावर चालताना
मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.
ससे ओळख देईनात.
चंद्र विचारी, तू कोण गं?
शेवटी गेली हिवाळ्याच्या दाराशी, कडी वाजवली,
आतून आवाज आला

आणि फोन वाजला.
खिंडीपलीकडच्या गावात कोळसा संपलाय.
मेर्गेन उठला. बूट अजून ओलेच.
'आल्यावर सांगतो,' म्हणाला दारातून.

एक दिवस. दुसरा. खिंडीत कडा कोसळल्याची बातमी.
आई कणीक मळते, मळलेलीच पुन्हा मळते.
सुमेर विचारतो, आतून कोण बोललं?
एर्केलेय म्हणते, गप.
तिच्या डोक्यात दोन बोके भांडतात:
गोष्ट अर्धी आहे, म्हणून तो परत येईल.
गोष्ट अर्धी आहे, म्हणून त्याला सोडत नाहीत.

चौथ्या रात्री ती उठली.
आईचा कोट, पायात बापाचे जुने बूट,
अंगणातल्या लार्चसमोर उभी राहिली
आणि घसा खाकरला.
वाफ निघाली, शब्द निघेना.
मग म्हणाली अंधाराला, 'आतून आवाज आला:
सावली? ती माझ्याकडे टिकलीच नाही.
रात्रभर रडायची, सोडून दिली.
खिंडीत एक ट्रक बंद पडलाय,
त्याच्या दिव्यांपुढे जाऊन बसलीय,
आतल्या माणसाला झोपू देत नाही.
मग खोकड धावली. शेपटीनं रस्ता झाडत झाडत
पार खिंडीपर्यंत. संपली.'
थोडं थांबून, दटावल्यासारखं:
'संपली हं. आता झोपा.'

डोंगर काही बोलला नाही.
एका फांदीवरून बर्फ घसरला, एवढंच.

सहाव्या दिवशी बर्फ काढणाऱ्या यंत्रामागून मेर्गेन आला,
डावा कान काळानिळा, दाढीत कोळसा.
सुमेरनं बूटही काढू दिले नाहीत,
ताईची गोष्ट घडाघडा सांगून टाकली.
बाप हसला नाही.
'माझ्या गोष्टीत हे नव्हतं,' म्हणाला.
'केबिनमध्ये मीही संपवली. मोठ्यानं. काचेला सांगितली.
माझ्यात हिवाळा सावली देतो,
पण उसनी, चांदण्यापुरती.'
'मग खरी कोणती?'
मेर्गेननं बूट शेगडीपाशी पालथे घातले.

तेव्हापासून त्या अकरा घरांत
खोकडीला दोन सावल्या आहेत.
एक पुढे पळते,
एक मागून रस्ता झाडत येते.
साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी
नाही, थांबा. सुमेर अजून जागा आहे.
विचारतोय, शेपटीचं काय झालं?