गुण्या

सातवीच्या फळ्यावर मी काटकोन काढला,
नुसत्या हाताने. शाळेचा लाकडी गुण्या
पुरात गेला होता, नकाशांच्या गुंडाळ्यांबरोबर.
शेवटच्या बाकावरून जैबुन मुलाणी म्हणाली,
"बाई, ह्यो काटकोन न्हाई. कलतोय."
कोनमापक लावला. अठ्ठ्याऐंशी.

तिचा बाप, इसाकभाई,
अंकलखोपच्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या.
पडलेल्या खोलीचा पाया आखायला आला
तेव्हा सगळा वर्ग मी बाहेर नेला.
त्याने सुतळी काढली. इकडे तीन हात, तिकडे चार,
आणि तिरकी बाजू पाच भरेपर्यंत
खुंटी सरकवत राहिला, बोटबोटभर.
प्रमेय वगैरे काही म्हणाला नाही.
"गुण्यात आलं," म्हणाला,
आणि चहा बशीत ओतला.

मग उरलेल्या भिंतीवर ओळंबा सोडला.
पितळी लट्टू थांबेपर्यंत
पोरंसुद्धा गप्प.
भिंतीवर पुराची रेघ होती,
जैबुनच्या डोक्यावर वीतभर, गढूळ,
या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी.
दोरी तिला जिथे छेदत होती
तिथे बाकावर चढून तिने कोनमापक धरला.
नव्वद.
इकडून नव्वद, तिकडूनही.

आमच्या घराघरांतून फिरताना
कृष्णामाईने मारलेली ही रेघ.
बावीस वर्षं खडू झिजवून
माझ्या हातून अशी निघालेली नाही.

कोटिकोन तेवढे राहिले होते.
शिडी भिंतीला टेकलेलीच होती.
"जमिनीशी सत्तर, तर वर?"
"वीस!"
"पाय घसरला, खाली पन्नास?"
"चाळीस!"
"आणि पार भिंतीला चिकटवली तर?"
"खाली नव्वद. वर काहीच उरत नाही," दिनकर बनसोडे म्हणाला.
"मग चढणारा मागं पडतोय," इसाकभाई म्हणाला,
"भिंतीला बी थोडं ठेवावं लागतंय."

हे पुस्तकात नाही.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

घरी माझ्या दाराची कडी
पुरापासून लागत नव्हती.
सुतार दोनदा दार तासून गेला होता,
तिसऱ्यांदा शनिवारी येणार होता.
त्या संध्याकाळी दोऱ्याला किल्ली बांधून
मी ती चौकटीच्या कोपऱ्यातून सोडली
आणि थांबण्याची वाट बघत उभी राहिले.

किल्ली थांबली.
वर दोरा चौकटीला चिकटून, खाली मात्र
दोन बोटं जागा.

दार बिचारं सरळच होतं.