अहवालातली शेवटची ओळ

वार्षिक सभेचा अहवाल लिहायला बसलोय.
छपराच्या दुरुस्तीला दीड पान दिलं,
ऑर्गनच्या फाटक्या भात्याला अर्धं,
आता तळाशी तेवढी एक ओळ उरलीय:
'मुलांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार.'
गेल्या वर्षीचीच.
साल बदललं की झालं.

बाहेर बकीच्या बंदरावर धुकं चढलंय.
भोंगा मिनिटाला एकदा हंबरतो.
खालच्या दालनात अजून दिवा आहे.
शुक्रवार, साडेनऊ,
म्हणजे इशबेल गेडिस ब्रश धुतेय.

सकाळी सहापासून कारखान्यात
हॅडक सोलून पांढरे पडलेले तिचे हात
संध्याकाळी नोहाच्या पुठ्ठ्याच्या तारवाला डिंक लावतात.
त्या तारवात दरवर्षी कुणीतरी डायनासोर चढवतं.
ती त्याला उतरवत नाही.
"हत्तींनो, जरा सरकून घ्या," म्हणते,
"हा फार लांबून आलाय."

आणि इनिस, ज्याच्या व्हॅनचा हीटर
तीन हिवाळे मेलेला आहे.
डोंगराकडच्या शेतांवरून तो मुलं गोळा करत येतो.
कुठल्या दारापुढे हॉर्न वाजवायचा नाही
(बाप रात्रभर बोटीवर होता, आत्ता कुठे निजलाय)
आणि कुठल्या दारापुढे मुद्दाम दोनदा वाजवायचा,
हे त्याला तोंडपाठ.
दर शुक्रवारी त्याच्याकडून टोस्ट जास्त भाजले जातात.
चुकून.
अकरा वर्षं हा माणूस मोजायला चुकतोय,
आणि उरलेले टोस्ट नेमके
त्याच दोन भावंडांच्या दप्तरात जातात.

केना एकोणीसची. मोठी मुलं तिच्याकडे.
टेबल टेनिसचं नेट फाटलं तेव्हा तिनं
जुनी स्तोत्रांची पुस्तकं ओळीनं उभी केली.
त्याबद्दल तक्रार आली होती. लेखी.
तिला मात्र मी अहवालात
अख्खा परिच्छेद दिला होता.
केना रात्री भिंतीला टेकून
कुणा एका मुलीशेजारी तासभर बसली होती,
दोघी काही बोलल्या नाहीत,
मग मुलगी उठून घरी गेली.
हे कुठल्या रकान्यात घालू?

मी दहा वर्षांचा होतो. तोतरा.
इशबेलनं मला नाताळच्या नाटकात मेंढपाळ केलं.
एवढंच वाक्य: चला, बेथलेहेमला जाऊ.
'ब'वर अडकलो.
समोर सगळं गाव,
डोक्याला बांधलेला टॉवेल डोळ्यांवर उतरलेला,
आईचे ओठ माझा शब्द म्हणत होते,
शिक्षकांचे, पाद्रीबाबांचेसुद्धा.
आयुष्यभर सगळे मला शब्द पुरवत आलेत,
आपली घाई झाकून, मायेनं.
इशबेल पडद्याआड उभी होती, हातात संहिता.
ती गप्प राहिली.
नुसती थांबली,
बेथलेहेम काही कुठे पळून जात नाही
अशा चेहऱ्यानं.
आणि मी पोचलो.
उशिरा, पण माझ्या पायांनी.

आज ती ओळ खोडली.
छपराचं अर्धं पान कापलं.
तरी काही सुचेना, म्हणून जिना उतरलो.

"झाला का रे अहवाल?"
तिनं मागं न बघताच विचारलं.
"तो डिंकाचा डबा वर ठेव,
तुझा हात पोचतो. आणि हे पुस."
मी ओले ब्रश घेतले.
एकाच्या केसांत हिरवा रंग तसाच होता,
डायनासोरचा असणार.

मग म्हणायला गेलो. साधाच शब्द.
पहिल्याच अक्षरावर अडलो,
चाळिशीतही.
तिनं नळ बारीक केला,
ब्रश हातात तसाच धरून
माझ्याकडे वळली,
आणि थांबली.

बाहेर भोंगा
दोनदा वाजून गेला.