मायक्रॉन

अंबडला लेथवर मी मायक्रॉनात मोजतो,
केसाच्या सातव्या भागालाही चूक म्हणतो.
आज सेकंड शिफ्ट बुडवून
ओट्यावर भद्रकालीतून आणलेला शाडू, पाण्याची वाटी,
आणि स्वरदाने वहीच्या पानावर काढलेला गणपती,
ज्यात कुठलंच माप नाही.

सोंड दोनदा गळून पडली.
तिसऱ्यांदा आत खराट्याची काडी घालत होतो,
निर्मला म्हणाली, खराट्याची? देवाला?
मग उदबत्तीची शोधली.

पोट जमलं. पोट सगळ्यांनाच जमतं.
कान मात्र एक सुपाएवढा, एक पुरीएवढा.
सवयीने व्हर्नियर आणायला उठलो
तर पोरीने माझा ओला हात धरून ठेवला.

डाव्या तर्जनीचं पेर
सातपूरला पॉवर प्रेसखाली गेलं,
ती झाली त्या वर्षी.
उरलंय ते थोटूक, गोल, गुळगुळीत.
लोकांसमोर मी ते मुठीत ठेवतो.
"याने डोळे कर ना पप्पा,
बाकीची बोटं टोचतात त्याला."

दाबलं.
दोन दाब, दोन खोबणी,
रीडिंग घ्यायची गरजच नाही.

रात्री लाइट गेली.
बरंच झालं, पंख्याच्या वाऱ्याने तडे जातात.
मोबाइलच्या उजेडात मागून पाहिलं:
पाठीवर माझे चार ठसे
आणि पाचवा, बिनरेघांचा.

निर्मला म्हणाली, पुसून घ्या ओल्या फडक्याने.
फडकं भिजवलं. पिळलं.
दोरीवर वाळत घातलं.