सतरावं नाव

शनिवारी दहा ते एक हे दार मी उघडते.
बाकीचे दिवस वारा उघडतो.
एकच खोली, पत्र्याची, पूर्वीचं पोस्ट ऑफिस.
आत तराजू, पितळी शिक्का, खेचराचा नाल
आणि लॅव्हिनिया स्ट्रोडची वही.

टॅलो वेल्स, नेवाडा. सध्या आम्ही अकरा,
कुत्री धरली तर चौदा.

वहीत सगळं आहे.
रेल्वे येणार म्हणून लोक आले.
रेल्वे चाळीस मैल दक्षिणेनं गेली, लोक राहिले,
काही हट्टानं, काही खेचरं मेली म्हणून.
पाणी पिंपानं विकत. अंघोळ एकाच पाण्यात सगळ्यांची,
आधी तान्हं पोर, शेवटी जेगो ट्रेगेना,
कारण तो खाणीतून यायचा.
मग त्याच पाण्यात मोजे,
मग ते पाणी भोपळ्याच्या वेलाला.
बेन्यात मेंढ्या घेऊन आला. त्याची बास्क भाषा कुणाला कळेना,
तो मेंढ्यांना जे म्हणे ते पोरं शिकली
आणि शाळेत मास्तरणीला म्हणू लागली.

विहिरी तीन खणल्या.
पहिलीत कातळ. दुसरीत मीठ.
तिसरीला एकसष्ट फुटांवर पाणी लागलं.
त्या रात्री वहीत एकच शब्द आहे, ‘गोड’,
आणि शाई फुटलेली.

मग सरकारी पत्र आलं:
पोस्ट ऑफिस हवं तर सतरा रहिवाशांची नावं पाठवा.
डोकी मोजली. सोळा.
पुन्हा मोजली. ट्रेगेनाच्या बायकोच्या पोटातलं धरूनही सोळाच.
लॅव्हिनियाच्या स्वयंपाकघरात रात्रभर खल झाला
आणि पहाटे जन्माला आला
सायलस वेदरबी, वय चाळीस, सुतार, अविवाहित.

टपाल कमी पडू नये म्हणून
गावच त्याला पत्रं लिही.
समोरच्या घरातून समोरच्या घरात
ऐंशी मैलांचा फेरा घालून पत्र पोचे.
त्याला दमा जडवला. ओहायोत एक बहीण दिली.
ट्रेगेनाची थोरली त्याला चोरून लिहायची,
ती पाकिटं कुणी फोडली नाहीत. मीही नाही.
कराची नोटीस आली तेव्हा मात्र
त्याला मारावं लागलं.
पेटीत मीठ भरून पुरलं. दगड अजून उभा आहे,
पाहुणे त्याच्याशेजारी फोटो काढतात.

इथवर आलं की सगळे हसतात.
वीस वर्षं मीही हसले.

मग एका हिवाळ्यात वहीच्या शिवणीजवळ,
खर्चाच्या बाजूला, तिसऱ्या विहिरीच्या तारखेला
एक ओळ सापडली:
‘झऱ्यावरच्या बाईला, जागा दाखवल्याबद्दल, पाव पोतं पीठ.’

शोशोनी होती. दोन हाकांवर राहायची,
आम्ही यायच्या आधीपासून, तिच्या आईच्याही आधीपासून.
पाण्याला ‘पा’ म्हणायची, एवढं पोरांना ठाऊक.
तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.
नावं ठेवली, ती मात्र आहेत. पान बारा, पान तीस.

सोळा माणसं दिव्याभोवती बसून
सतरावं माणूस शोधत होती
आणि खिडकीतून तिचा जाळ दिसत असणार.

गेल्या महिन्यात तिच्या लोकांतली एक बाई आली,
पन्नाशीची, पायात धुळीचे बूट.
मी वही उघडून दिली, बोट ठेवलं.
‘पाव पोतं म्हणजे किती?’
‘साडेबारा पौंड.’
‘दरसाल?’
‘एकदाच.’
तिनं आपल्या डायरीत आकडा लिहिला,
खाली रेघ मारली, जशी येणं असलं की मारतात.
मग म्हणाली, यावर शिक्का मारा.

मी मारला.
गावाचं नाव उमटलं, थोडं पुसट.
तारखेचं चाक अडकलं आहे, फिरत नाही,
तेही तिला सांगितलं.