सत्तावीस नंबर

आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही,
पण इंदुरात मुलांचं एक चॅनल होतं
आणि ते रामबागेत, माझ्या काकाच्या गच्चीवरच्या खोलीत होतं,
पाण्याच्या टाकीला लागून.
नाव ‘फिरकी’. नावानं मात्र कुणी ओळखत नसे.
सगळे म्हणायचे, सत्तावीस.
रिमोटवरची दोन आणि सात, तेवढीच बटणं झिजलेली.

चॅनलचं बोधचिन्ह मी होते,
म्हणजे माझी तर्जनी.
पुठ्ठ्याची फिरकी टाचणीवर, कॅमेऱ्यासमोर,
चार वाजता काका म्हणायचा, “हं”,
की चौकटीबाहेर राहून तिला टिचकी द्यायची.
एकदा बोट दिसलं.
त्या आठवड्यात अकरा पोस्टकार्डं आली:
ते बोट कोणाचं?

चारला भुसारीबाईंची चित्रकला.
त्या रंगपेटी घरी विसरायच्या, कोळशावर भागवायच्या,
म्हणून आमच्या अख्ख्या मोहल्ल्याचे मोर काळे.
साडेचारला गनी मास्तरांच्या बाहुल्या,
सीतलामाता बाजारातल्या चिंध्यांच्या:
राजा साडीच्या फॉलचा, राणी अस्तराची,
राक्षस तेवढा अस्सल मखमलीचा,
कारण तोच तुकडा मोठा मिळाला होता.

पाचला कार्टून.
कॅसेट कुठल्या देशाची, देव जाणे.
त्यातला कोल्हा बोले ते कुणालाच कळेना,
मग काका माइक ओढून घेई
आणि कोल्हा मराठीत सुरू होऊन हिंदीत संपे, आमच्या घरांसारखा:
“अहो, मी तर आत्ताच आलोय, मेरे को क्या मालूम भिया!”
काकाला ढास लागली की
कोल्हा तोंड मिटून खोकायचा.

नंतर वाढदिवस. निळ्या कागदावर फोटो,
आणि ज्याचा फोटो त्याला बेकरीतून एक क्रीमरोल.
इमली बाजारातल्या हेरंब झोकरकरचा वाढदिवस
वर्षातून सात वेळा आला.
काकानं वहीत सातही तारखा लिहिल्या,
शाईनं, खाडाखोड न करता.

आणि लाइट.
इकडे लाइट असायचे तेव्हा मल्हारगंजात जायचे,
मल्हारगंजात यायचे तेव्हा सदर बाजार अंधारात.
फोन वाजायचा: “काका, कोल्हा विहिरीत पडला तिथं गेले.”
काका कॅसेट मागे घ्यायचा.
विहिरीपासून पुन्हा.
पुन्हा फोन, पुन्हा विहीर.
एका मंगळवारी कोल्हा चार वेळा पडला,
प्रत्येक मोहल्ल्यासाठी एकदा,
आणि चौथ्या वेळी काकाच्या आवाजात
तो इतका दमला होता की आम्ही हसलोच नाही.

मग मोठी चॅनलं आली. चोवीस तास, घोटीव रंग,
कोल्हे न खोकणारे.
त्यांच्याकडे लाइट जातच नव्हते
आणि आपल्याकडे गेले तर ती थांबत नव्हती.
सत्तावीसवर दुसरंच कुणी येऊन बसलं.
आम्ही एकाहत्तर झालो, मग अठ्ठ्याण्णव,
आणि तिथंवर मुलांची बोटं पोचेनात.
भुसारीबाई मुलाकडे देवासला गेल्या.
गनी मास्तरांनी राक्षस उसवून
नातीला फ्रॉक शिवला. छान दिसायचा.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी काकानं वायर काढली.
शेवटचा भाग झाला, फिरकी मी फिरवली,
ती थांबेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला, बस.

रविवारी सकाळी फोन.
लहान आवाज, मागे कुकरची शिट्टी.
“आमच्याकडे लाइट गेले होते. शेवटचं परत लावता का?”
आता लागत नाही, हे काका सांगेल असं मला वाटलं.
त्यानं कॅसेट मागे घेतली,
टीव्हीचा आवाज बंद केला,
रिसीव्हर तोंडाशी धरला
आणि कोल्हा बोलायला लागला,
पडद्याकडे बघत, मधेच सांगत:
“आता तो वळून बघतोय हं... आता पूल ओलांडतोय...”

बावीस मिनिटं.
पलीकडे श्वास ऐकू येत होता.
नाव विचारायचं राहून गेलं.